पाच नंबरच्या बसमधल्या दोन जागा

उजाडल्यापासून आबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. हॉटेलच्या खोलीत चार्जरचा दिवा हिरवा झालाय का, हे बघायला ते पलंगावरून तीनदा वाकले. चौथ्यांदा वाकले तेव्हा लेक पांघरुणातूनच म्हणाली, "बाबा, पडून राहा हो जरा. स्कूटर काय पळून चाललीय का?"

पळून जाण्यासारखी ती नव्हतीच. तीन चाकं, पुढे टोपली, आणि वेग माणसाच्या चालण्याइतका. पाठीच्या ऑपरेशननंतर आबांचा डावा पाय दगा द्यायला लागला होता. उभं राहता यायचं, काहीतरी धरून पंधराएक पावलं टाकता यायची, पुढे गुडघा मिटायचा. म्हणून जावयाने दोन महिन्यांपूर्वी ही स्कूटर आणली. एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेल्या माणसाला ती शिकवावी लागेल, असं घरात कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आबांच्याही नाही.

थीम पार्कला जाणाऱ्या बसच्या थांब्यावर साठ-सत्तर माणसं उन्हात ताटकळत होती. बसच्या मधल्या दाराला खाली सोडायची फळी होती आणि आत स्कूटरसाठी दोन जागा. एरवी त्या जागी तीन-तीन खुर्च्या असत. स्कूटर आली की चालकाने त्या भिंतीला दुमडायच्या आणि चारी बाजूंनी पट्टे आवळायचे. स्कूटरवाले आणि त्यांच्या घरचे आधी चढणार, मग रांग, असा नियम. आबांना रांगेच्या पुढे नेलं तेव्हा मागे कुजबुज सुरू झाली. फळीच्या कडेला अडकलेलं चाक सोडवायला आबा क्षणभर उभे राहिले, आणि एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघ, चांगले उभे राहतायत की!"

आबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते भरकन फळी चढले. आत दारासमोरच एक पिवळा खांब होता. त्याला वळसा घालून स्कूटर आडवी लावायची होती. आधीच्या थांब्यावर चढलेली माणसं पाय आखडून बसली होती. आबांनी पुढे घेतली, मागे घेतली. मागे घेताना स्कूटर टूं-टूं वाजते, तशी ती सगळ्या बसला ऐकू जाईल एवढी वाजली. पुन्हा पुढे, पुन्हा टूं-टूं. तिसऱ्या खेपेला पुढचं चाक एका बाईंच्या पायावर गेलं.

"आई गं!" बाई ओरडल्या.

"अहो, चालवता येत नाही तर आणता कशाला गर्दीत?" त्यांच्या शेजारचा माणूस उठून उभा राहिला.

जावई बाह्या सरसावून पुढे झाला. "नीट बोला. मुद्दाम केलंय का त्यांनी?"

"मी उतरतो," आबा म्हणाले. कोणी काही म्हणायच्या आत ते टूं-टूं करत फळीवरून खाली आलेदेखील. मागोमाग सगळं घर उतरलं. पुढच्या बसच्या दोन्ही जागा भरलेल्या होत्या. तिसऱ्या बसमध्ये चालकाने स्वतः हँडल धरून स्कूटर आत ओढली, सामान ओढावं तशी. आबा खिडकीकडे तोंड करून बसून राहिले. नऊ वाजताच्या बोटीच्या सफरीचा नंबर हुकला. आठ वर्षांची नात रडली नाही, पण दर दोन मिनिटांनी आईचं घड्याळ बघत राहिली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

पार्कमध्येही आबांचं लक्ष लागेना. कठपुतळ्यांच्या खेळात फोन बंद ठेवायला सांगितले होते. त्यांनी बंद केला. खेळ संपला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही त्या मोठ्या झुल्याच्या रांगेत लागा. मी इथे झाडाखाली बसतो."

झाडाखाली ते पाच मिनिटंही बसले नाहीत. संध्याकाळी परत जायचंय, पुन्हा ती फळी, पुन्हा तो खांब, पुन्हा तेवढे डोळे, एवढंच डोक्यात घुमत होतं. त्यांनी स्कूटर वळवली आणि तडक फाटकाबाहेरच्या बसतळावर गेले.

दुपारची बारा-साडेबाराची वेळ. चार बसगाड्या रिकाम्या उभ्या. पाच नंबरच्या बसच्या पायरीवर चालकबाई डबा खात बसल्या होत्या. पन्नाशीच्या, हातावर उन्हाने पडलेला घड्याळाचा पट्टा.

"ही किती वेळ उभी आहे?" आबांनी विचारलं.

"आहे अर्धा-पाऊण तास. पण आता प्रवासी घेत नाही आम्ही, काका."

"मला कुठे जायचं नाही. आत शिरायचा सराव करायचाय."

बाई हसल्या. मग आबा हसत नाहीत हे बघून थांबल्या. "तळावर कोणाला आत घेणं नियमात बसत नाही."

"मग नियमाला थोडा वेळ उभं राहू द्या."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "सकाळी कोणाच्या पायावर घातली का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रोज एक तरी होतंच. सगळे तोंड पुढे करून चढता ना! मग खांब आडवा येतो, मग तुमची झटापट सुरू. अहो, फळीवरच उलटे या. पाठ आधी आत."

"आणि मागचं दिसणार कसं?"

"आरसा लावा. तोवर मान वळवा, मान तर चालतेय ना?"

बाईंनी फळी सोडली. माणसांचे पाय म्हणून आत दोन बादल्या, एक झाडू आणि स्वतःची पिशवी मांडली. पहिल्या खेपेला आबांनी बादली आडवी केली. दुसऱ्या खेपेला तीच बादली. "गेला हो एकाचा अंगठा!" बाई पायरीवरून ओरडल्या. आबांना घाम फुटला. सहाव्या खेपेला झाडूला नुसता स्पर्श झाला. आठव्या खेपेला स्कूटर जागेवर बसली, आणि आबांनी ती पुन्हा बाहेर काढली, कारण एकदा जमलेलं त्यांच्या लेखी जमलेलं नव्हतं.

मधे दम खाताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला वैताग येत नाही आमचा?"

"येतो की," बाई सरळ म्हणाल्या. "एका थांब्याला दोन मिनिटं देतात मला. एका स्कूटरचे पट्टे आवळायलाच चार लागतात. उशीर झाला की वरून बोलणी, खालून बोलणी. पण जागा दोनच ठेवल्या, गाड्या कमी ठेवल्या, त्यांना काय बोलणार? ते थोडेच समोर असतात! समोर तुम्ही असता."

अकराव्या खेपेला आबा फळीवर असतानाच मागून हाक आली. "बाबा!"

लेक धावत येत होती, केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. मागे जावई, त्याचं बोट धरून नात.

"अर्धा तास शोधतोय तुम्हाला! फोन बंद. दवाखान्यात विचारून आले मी. तिकडे ध्वनिक्षेपकावर तुमचं वर्णन सांगतायत, टक्कल आणि चौकड्यांचा शर्ट!" तिचा आवाज फाटला. "झुल्यापाशी नंबर आला होता तिचा. उतरवलं मी तिला."

आबांनी नातीकडे बघितलं. ती चपलेने माती उकरत होती.

"मला वाटलं, तुमच्यासमोर नको," आबा म्हणाले. "सकाळचं पुन्हा नको."

"आणि आम्ही काय परके आहोत? तुमची फजिती झाली तर आमची नाही झाली?"

आबा हळूच म्हणाले, "चुकलं माझं," आणि लेकीला ते इतकं अनपेक्षित होतं की ती भांडायचीच थांबली. पुढचे दोन तास आबा झुल्याच्या रांगेशेजारी, उन्हात, नातीचा नंबर येईपर्यंत हलले नाहीत.

पाच वाजता परतीच्या थांब्यावर सकाळच्या दुप्पट गर्दी होती. आली ती पाच नंबरचीच बस. आबांनी फळीकडे पाठ केली, मान वळवली आणि एका दमात आत जाऊन जागेवर लागले. चालकबाईंनी पट्टे आवळताना भुवई उंचावली, बस्स. गर्दीच्या गलक्यात टूं-टूंकडे बाकी कोणाचं लक्षही गेलं नाही. रांग आत घुसली. "आम्ही पाऊण तास उभे, आणि हे आत्ता आले," कोणीतरी म्हणालंच. आबांना वाटलं होतं, नीट जमलं की माणसं गप्प बसतील. तसं काही नव्हतं.

दार लागणार तेवढ्यात खाली आणखी एक स्कूटर आली. पंचविशीची मुलगी, एकटी. दुसऱ्या जागेच्या खुर्च्यांवर तोवर माणसं बसली होती. चालकबाई म्हणाल्या, "उठा, ही जागा मोकळी करा." दोघं कुरकुरत उठले. तिसरा हलेना. त्याच्या खांद्यावर चारेक वर्षांची पोर गाढ झोपली होती.

"हिला घेऊन कुठे उभा राहू? पुढच्या बसने येऊ दे त्यांना."

"राहू द्या," खालून मुलगी लगेच म्हणाली. "मी थांबते."

तिने ते इतक्या सवयीने म्हटलं की आबांना गप्प बसवेना. "थांबू नकोस, पोरी!" ते ओरडले. मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "हिला माझ्या मांडीवर द्या. मी काही उठून पळणार नाही."

माणसाने त्यांच्याकडे, मग खांद्यावरच्या पोरीकडे बघितलं. मागच्या बसने हॉर्न दिला. तो उठला आणि झोपलेलं ओझं त्याने आबांच्या मांडीवर ठेवलं. पोरीने डोकं आबांच्या छातीवर टेकवलं, तोंडातून लाळ गळली, पण ती जागी झाली नाही. नात दोघांकडे डोळे बारीक करून बघत होती.

मुलगी तोंड पुढे करून चढायला लागली. "उलटी ये," आबा आणि चालकबाई एकदमच म्हणाले. बसमध्ये दोघं-तिघं हसले. मुलगीही हसली आणि खाली जाऊन उलटी आली. दोनदा अडकली, एकाच्या पिशवीला धडकली, तिसऱ्यांदा लागली.

बस सात मिनिटं उशिरा निघाली. पहिल्याच वळणावर तो माणूस कलंडला आणि त्याने आबांच्या स्कूटरची पाठ घट्ट पकडली. हॉटेल येईपर्यंत त्याने ती सोडली नाही. उतरताना पोर उचलून घेत तो म्हणाला, "सकाळपासून उचलतोय. हात मेले होते माझे."

"माझी मांडी गेली," आबा म्हणाले.

बाकीचे उतरल्यावर चालकबाई पट्टे सोडायला आल्या. मागची बस पुन्हा हॉर्न वाजवत होती. स्कूटरवाल्या मुलीने घाईघाईने विचारलं, "काका, उद्या तुम्ही कितीच्या बसला?"

आबांनी लेकीकडे बघितलं.

"आठ वीसच्या," लेक म्हणाली. "आम्ही सगळे असू. तूही ये आमच्याबरोबर. आता आधी उतरा बाई दोघं, नाहीतर तो मागचा आपल्याला ढकलूनच उतरवेल."