काटा मधोमध

निरीक्षकसाहेबांनी तेहतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासले होते. काटा मधोमध उभा राहिला की माप खरं, जरा कलला की दुकानदाराची धडगत नाही, इतका साधा हिशेब. निवृत्तीनंतर लेकीने पाठवलेल्या कॅमेऱ्यातून त्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि खालच्या बारीक पट्टीवर डावीकडे-उजवीकडे पळणारा काटा दिसला, तेव्हा गृहस्थ मनापासून खूश झाले. हे तर आपलंच खातं, असं त्यांना वाटलं. तिथेच माशी शिंकली.

काम एकच होतं. बायकोचा फोटो काढायचा. बायको शाळेची मुख्याध्यापिका. शाळेपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. शनिवारी त्या निवृत्त होणार होत्या आणि शाळेच्या व्हरांड्यात आधीच्या सात मुख्याध्यापकांच्या शेजारी त्यांचा फोटो लागायचा होता. फ्रेमवाल्याला तो शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हवा होता. यात अवघड काय, असं कुणीही म्हणेल. अवघड हे, की बाईंचा धड असा एकही फोटो नव्हता. बाई रंगाने काळ्या. सावळ्या-बिवळ्या नाही, चांगल्या काळ्या. शाळेच्या समारंभांचे फोटो पाहिले तर पांढऱ्या भिंतीपुढे बाकी सगळ्यांचे चेहरे, आणि बाईंचा नुसता चष्मा. एकदा ओळखपत्रासाठी स्टुडिओत गेल्या, तर त्या भल्या माणसाने न विचारता त्यांना कॉम्प्युटरवर गोरं करून दिलं. कचेरीतल्या कारकुनाने वर विचारलं, हा फोटो तुमचाच का? तेव्हापासून बाई स्टुडिओची पायरी चढल्या नव्हत्या.

"नुसतं नाव लावा," त्या म्हणाल्या. "रिकामी चौकट काही वाईट दिसत नाही."

"मी काढतो," निरीक्षक म्हणाले. तो सोमवार होता.

सोमवारी आणि मंगळवारी बाई शाळेतून आल्या की खिडकीपुढच्या खुर्चीत बसल्या. निरीक्षक एक चाक फिरवत, मग दुसरं, एक आकडा वाढवत, दुसरा कमी करत. काटा मधोमध आला की श्वास रोखून बटण दाबत. फोटोत खिडकी सुरेख यायची, पडद्याचे धागे मोजून घ्यावेत इतकी. बाईंच्या जागी अंधार. पंचेचाळीस फोटो काढले आणि पंचेचाळीस वेळा घोडं तिथंच पेंड खात राहिलं.

"माप बरोबर आहे," ते घाम पुसत म्हणाले. "हवं तर काटा बघ."

"काटा नका दाखवू. माझं नाक दाखवा."

बुधवारी ते हात टेकून कॅमेऱ्याच्या दुकानातल्या क्लासला गेले. शिकवणारी मुलगी त्यांच्या लेकीपेक्षाही लहान होती.

"काका, कॅमेरा सगळ्या चित्राचा उजेड एकत्र मोजतोय," ती म्हणाली. "खिडकी एवढी लख्ख आहे, म्हणून तो सगळंच दाबून टाकतोय. मोजायची जागा लहान करा. फक्त चेहरा मोजा."

ते कुठून करायचं हेही तिने दाखवलं. पुढे ती आणखी काही सांगणार होती, फळ्यावर काळी आणि पांढरी अशा दोन चौकटीही तिने काढल्या होत्या. पण आपल्याला गोम सापडली अशा थाटात निरीक्षक मधूनच उठले. अर्धवट ऐकून उठणाऱ्यांना त्यांनी नोकरीत आयुष्यभर झापलं होतं, आणि आता स्वतःच शहाणपणा केला.

गुरुवारी संध्याकाळी चेहरा आला. गालावरचा उजेड मोजला, काटा मधोमध आणला, बटण दाबलं. नाक, डोळे, ओठांजवळची रेघ, सगळं आलं. निरीक्षकांना आनंद आवरेना.

"बघ. काय छान आली आहेस."

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "ही कोण?"

"कोण म्हणजे? तू."

"मी एवढी उजळ कधी झाले?" त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. "स्टुडिओवाल्याचं मी समजू शकते. तो परका होता."

"मी काहीही केलेलं नाही," निरीक्षक उखडले. चार दिवसांचा वैताग एकदम बाहेर आला. "काटा मधोमध होता. केसभरही इकडेतिकडे नव्हता. तुला मुळी काही पटवूनच घ्यायचं नाही."

"तुम्ही छान म्हणालात ना, ते लागलं मला," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच निरीक्षक पायरीवर हजर होते. मुलीने फोटो पाहिला आणि ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने त्यांची काळी छत्री मागून घेतली आणि काटा मधोमध ठेवून जवळून तिचा फोटो काढला. मग तसाच कोऱ्या कागदाचा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर छत्री राखाडी आणि कागदही राखाडी. कुठलं काय ते ओळखू येईना.

"याला समोर काय आहे ते कळत नाही, काका. जे दिसेल ते मधल्या रंगाचं करून टाकायचं, एवढंच त्याला येतं."

"मग काटा खरा कुठे असतो?"

"ते तुम्ही ठरवायचं. काकूंना रोज तुम्हीच बघता."

तिने साधंच सांगितलं होतं, पण निरीक्षकांच्या ते वर्मी लागलं.

साडेअकराला ते शाळेत पोचले. बाई आपल्या खोलीत कागदांवर सह्या करत होत्या. नवरा कॅमेरा घेऊन दारात उभा पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आता आणखी काय?"

"एकच काढतो."

खिडकी पाठीशी न ठेवता बाजूला येईल अशी त्यांनी खुर्ची फिरवायला लावली. गालावर मोजलं. काटा मधोमध आला. त्यांनी चाक फिरवलं आणि काटा एक घर डावीकडे, कमी उजेडाकडे नेला. आपण भरदिवसा लबाडी करतोय असंच त्यांना वाटलं. मग डोळा कॅमेऱ्यावरून काढून त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं, काटा आणखी जरासा ढळवला आणि बटण दाबलं.

फोटोत बाई होत्या. काळ्या, गालाच्या हाडावर उजेडाची तकाकी असलेल्या, आठ्या घातलेल्या, वैतागलेल्या.

"हं," बाई म्हणाल्या. "ही मी." मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुम्हाला मी अशीच दिसते?"

"अशीच."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग काल ती दुसरीच छान कशी वाटली?"

काट्याचं, मोजमापाचं सगळं निरीक्षकांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. त्यांना लाज वाटत होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझा रंग मला कधीच खटकला नाही. पण तसं मी कधी म्हटलंही नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "बारा वाजत आलेत," त्या म्हणाल्या. "आणि फ्रेमवाल्याला बजावून सांगा, उजळ करू नकोस म्हणावं."

निरीक्षक स्वतः फ्रेमवाल्याकडे गेले, आणि फोटो कागदावर उतरून चौकटीत बसेपर्यंत त्याच्या टेबलापासून हलले नाहीत.