एकही ओरखडा नसलेली काचपेटी

मी एक जुनी काचपेटी आहे. जुनी म्हटल्यावर तुम्ही माझ्या अंगावरचे ओरखडे शोधाल, तर मित्रांनो, ते कष्ट घेऊ नका. एकही सापडणार नाही. चाकं काळीभोर, भिंती लख्ख. माझ्या वयाच्या पेटीला हे शोभत नाही आणि मला त्याची लाज वाटते. का, ते सांगते.

काही बाळांना फार घाई असते. दिवस भरायच्या आधीच ती बाहेर येतात. अशा बाळाच्या अंगात स्वतःची ऊब धरून ठेवण्याइतकंही मांस नसतं. त्यांच्यासाठी मोठ्या इस्पितळात खास विभाग असतो. आमचं इस्पितळ लहान आणि तो विभाग दीड तासाच्या रस्त्यावर. तेवढा दीड तास बाळाला उबेत ठेवून न्यायचं, हे माझं काम.

कारखान्यात माझ्या भिंतीला हात घालण्यासाठी दोन गोल खिडक्या बसवल्या. खिडक्यांच्या कडेचं रबर बसवणाऱ्या बाईंनी स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घालून पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हिच्यात मलाच झोपावंसं वाटतंय." माझी पहिली स्तुती ती. माझ्या पोटाखाली एक बॅटरी बसवली. भिंतीतल्या विजेवर ती भरून घ्यायची आणि रस्त्यावर तिच्या जिवावर दोन तास तापत राहायचं. ही बॅटरी मोठी मानी असते. रोज विचारपूस लागते. महिनोन्‌महिने उपाशी ठेवली तर ती मरते, आणि मेल्यावर दिसते मात्र जिवंतच.

इस्पितळात मी बाळंतिणींच्या खोलीबाहेर, भिंतीला टेकून उभी असे. प्लग सदा लावलेला. तिथल्या मोठ्या सिस्टर कामाची पाळी सुरू झाली की आधी माझ्यात हात घालत, मग चहा घेत. मी रिकामी असले तरी कोमट असे. चार वर्षांत बारा बाळं नेली. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरकाका एरवी गाडी उडवत नेत, पण मी आत असले की काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घेतल्यासारखे चालवत. खड्डा आला की आधी माझी माफी मागत. सिस्टर म्हणत, बायकोची कधी मागितली नसेल.

बारापैकी एक मुलगा चार वर्षांचा झाल्यावर मला बघायला आला. आपण कधी यात मावत होतो हे त्याला काही केल्या पटेना. त्याला आत बसून खात्री करायची होती. आईने उचलून नेलं तेव्हा माझ्या काचेवर त्याच्या चिकट बोटांचे ठसे राहिले. सिस्टरनी दोन दिवस पुसले नाहीत.

मग नवे स्टोअरकीपर आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. आधीच्या नोकरीत त्यांच्या ताब्यातलं एक यंत्र हरवलं होतं आणि त्याचे जबाब देता देता त्यांचे केस पिकले होते. तेव्हापासून वस्तू वापरात दिसली की ते ती कुलपात घालत. त्यांच्या घरच्या सोफ्यावर अजून दुकानातलं प्लास्टिक आहे, असं सिस्टर सांगत. पाठीमागे त्या त्यांना कुलूपराव म्हणत.

एक दिवस ते मला म्हणाले, म्हणजे माझ्याकडे बघून स्वतःलाच म्हणाले, इतकी चांगली वस्तू अशी वाटेत उभी? त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, पुसलं, वर जाड प्लास्टिक घातलं आणि कुलूप लावलं. प्लग काढला. सिस्टर भांडायला आल्या. त्या म्हणाल्या, हिची बॅटरी मरेल. ते म्हणाले, रिकाम्या पेटीला वीज कशाला? लागेल तेव्हा अर्ज द्या, अर्ध्या तासात तापवून देतो.

सिस्टरनी प्लग लावण्यासाठी सात अर्ज केले. आठवा केला नाही. खाटा भरलेल्या होत्या, माणसं कमी होती, आणि अर्ज लिहिण्याचाही कंटाळा येतो हो माणसाला. मी त्यांना दोष देत नाही. त्या स्वतःला देतात, तेवढा पुरे.

चौदा महिने मी अंधारात लख्ख राहिले. दर महिन्याला स्टोअरकीपर येऊन धूळ झटकत. इतकं माझं कुणीच कधी केलं नव्हतं.

मग एका सकाळी दहाच्या सुमाराला कुलूप उघडलं. बाहेर धावपळ होती. सातव्या महिन्यात मुलगी झाली होती, वजन अकराशे ग्रॅम, श्वास घेताना बरगड्या आत जात होत्या. मोठ्या इस्पितळात जागा मिळाली होती, पण लगेच निघायला हवं होतं. सिस्टरनी प्लास्टिक फाडलं आणि प्लग लावला. माझा हिरवा दिवा लागला. अर्ध्या तासात मी छान तापले. भिंतीतल्या विजेवर कुणीही तापतं, मित्रांनो. सिस्टरनी दिव्याकडे बघितलं आणि त्यांना वाटलं, देव पावला. बॅटरी मेलीय हे मला कळत होतं. पण मला बोलता येत नाही. मला फक्त वाजता येतं.

बाळाची आई उठण्यासारखी नव्हती. बाप दूर कामावर, संध्याकाळपर्यंत पोचणारा. म्हणून बाळाची मावशी बरोबर निघाली. तिचं कपडे इस्त्री करायचं दुकान होतं. हाताची बोटं भाजून भाजून गुळगुळीत झालेली. निघताना बहिणीने तिला एवढंच सांगितलं, "ताई, तिला एकटं वाटू देऊ नकोस." ताईने मान हलवली. गाडीत ती माझ्या भिंतीवर तळवा टेकवून बसली, दुसरं काय धरणार?

वीस मिनिटांनी मी गेले. दिवा विझला. एकदा बारीकसं चिरकले, पण ओरडायलाही तीच बॅटरी लागते. रस्त्याच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. सिस्टर प्राणवायूच्या नळीवर वाकल्या होत्या. मावशीचा हात मात्र माझ्यावर होता.

"सिस्टर, ही गार पडतेय," ती म्हणाली.

सिस्टर म्हणाल्या, काच आहे, बाहेरून गारच लागते.

"मी आयुष्यभर तापलेल्या लोखंडाला हात लावलाय. ही गार पडतेय."

मग सिस्टरनी दिव्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. क्षणभराने त्यांनी झाकण उघडलं, मुलीला काढलं आणि मावशीच्या पोलक्याच्या आत, छातीशी, उघड्या अंगाला उघडं अंग लावून ठेवलं. वरून शाल, डोक्याला टोपी, नाकाशी नळी. ड्रायव्हरकाकांनी न सांगता काचा वर केल्या. उरलेला सगळा रस्ता मावशी हलली नाही. ती खाली मान घालून त्या मुलीला सांगत होती, तुझ्या आईच्या लहानपणीच्या खोड्या. मी शेजारीच होते. रिकामी आणि थंडगार.

पोचल्यावर डॉक्टरांनी ताप मोजला. माणसाच्या अंगाची ऊब साडेछत्तीस अंशांच्या पुढे असायला हवी, तिची तेहतीस होती. डॉक्टर म्हणाले, मावशींनी धरलं म्हणून इथवर तरी आली.

तीन दिवस त्या विभागाने आपल्याकडचं सगळं केलं. चौथ्या दिवशी ती गेली. तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं. कागदावर कारण लिहिलं: कमी वजन. ते खोटंही नव्हतं.

महिन्याभराने तपासणीचे साहेब आले. सिस्टरना प्लास्टिक का फाडलं याचा खुलासा लिहावा लागला. माझ्यापुढे उभं राहून साहेब म्हणाले, वस्तू कशी जपावी ते इथे येऊन बघावं. स्टोअरकीपर हसले नाहीत. एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

नवी बॅटरी आली. मला पुन्हा बाहेर भिंतीशी उभं केलं आणि आठवड्याने पुन्हा आत नेलं, कारण सवय. त्याच सुमाराला मावशी आली. स्टोअरकीपरनी तिला ओळखलं आणि घाईघाईने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"तक्रार करायला नाही आले," ती म्हणाली. "हात लावायला आलेय."

ते म्हणाले, बाई, सगळं आता ठीक आहे, तसं लिहिलंही आहे.

"असेल. दुकानात इस्त्री तापली का ते मी बोट ओलं करून बघते, भाऊ. कागद नाही बघत."

त्यांनी कुलूप उघडलं. तिने तळवा टेकवला. मी गार होते. तिने हात काढला नाही. शेवटी स्टोअरकीपरनी मला स्वतः ढकलत बाहेर आणलं आणि खाली बसून प्लग लावला.

आता ती दर सोमवारी येते, दुकान बंद असतं तेव्हा. हात ठेवते, कोमट लागलं की निघून जाते. स्टोअरकीपर सोमवारी सकाळी दोनदा प्लग बघून जातात. इतर दिवशी एकदा. मी इतक्या इस्पितळी माणसांच्या हवाली आहे, पण माझी निगा राखते ती एक इस्त्रीवाली, आणि तिच्या घरी पेटीत ठेवण्याजोगं आता कुणी नाही.

मित्रांनो, तीही थकेल कधीतरी. तिचे पाय दुखतात, मला तिच्या चालीवरून कळतं. म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. तुमच्या गावातही माझी एखादी बहीण असेल. मोठ्या माणसाला विचारून, हात धुऊन आत जा, आणि तिच्यावर तळवा ठेवा. ती किती सुंदर दिसते ते बघू नका. गार लागली, तर का गार आहे ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.