उलट्या टोकापासून

नदीच्या बांधावर मी तीस वर्षं काढली. वादळात पाणी माती खायला लागलं की उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरायचा, त्यावर वाळूची पोती रचायची आणि बांध वाचवायचा, हे माझ्या टोळीचं काम. मुकादम मी. हाताखालच्या माणसाची चूक मला लांबूनच दिसते, आणि ती चारचौघांत काढल्याशिवाय मला घास गोड लागत नाही.

जावई टोळीत आला तो नाइलाजाने. त्याचं शिवणकामाचं दुकान बसलं, लेकीने माझ्यापुढे हात जोडले, म्हणून घेतला. पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोक्यात जायचा. पोतं उचलताना चेहरा असा करायचा, जणू पोत्यावर मीच बसलोय. "जावईबापू, पोत्याला बटणं लावताय का?" असं मी विचारलं की टोळी खो खो हसायची. तोही हसायचा, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वादळ येईल असा निरोप होता. वळणावरचा तुकडा मी जावयाला दिला, सोबत दोन नवखी माणसं दिली. रीत सोपी आहे. प्रवाहाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून वर सरकायचं, म्हणजे प्रत्येक नवा कागद आधीच्या कागदावर चढतो आणि पाणी सांध्यावरून निघून जातं. या गृहस्थाने वरच्या टोकापासून सुरुवात केली. काम इतकं नेटकं की कुठे सुरकुती नाही, आणि सगळे सांधे येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उघडे.

हे मला बारा वाजता दिसलं. दुरुस्तीला दोन तास पुरले असते. मी बांधावर उभा राहून नीट पाहिलं आणि पुढे गेलो. चार वाजता इंजिनियरसाहेब यायचे होते. म्हटलं, त्यांच्यासमोरच चूक काढू, जन्माची अद्दल घडेल. लेकीलाही कळू दे, कुणाच्या गळ्यात माळ घातली ते.

वारा अडीचलाच सुटला. पहिल्या सांध्यातून पाणी आत शिरलं आणि कागद फुगला. मी पळत पोचलो तेव्हा जावई कमरेला दोर न बांधताच उतारावर उतरला होता. कागदावर आडवा पडून त्याने तो अंगाखाली दाबून धरला होता आणि "पोती द्या, पोती द्या" म्हणत होता. मी त्याला वर बोलावलं. तेवढ्यात दुसरा कागद सुटला, त्याच्याभोवती गुंडाळला गेला आणि त्याला घेऊन पाण्यात गेला.

आम्ही नवा कागद घातला, खालच्या टोकापासून. बांध टिकला. जावई दुसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत मी सांगितलं, चूक त्याची होती, माझ्या लक्षात उशिरा आली. आठवड्याने लेकीलाही तेच सांगायला गेलो. ती भाजी निवडत होती. माझं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं.

"हे त्या दिवशी एक वाजता जेवायला आले होते," ती म्हणाली. "किती खुशीत होते. म्हणाले, तुझे बाबा वर उभं राहून सगळं काम बघून गेले आणि एक शब्द बोलले नाहीत. पहिल्यांदाच माझं काम त्यांना पसंत पडलं."

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"पडलं होतं ना, बाबा?"

"पडलं होतं," मी म्हणालो.