तिसरी पाळी

मी भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको. गिरणीत मात्र मला कुणी भित्रा म्हणत नसे. कधी खाडा न करणारा, दर महिन्याला आपण होऊन तिसरी पाळी मागून घेणारा महिपती, म्हणून आमचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, मानसिंग नव्या लोकांना माझं उदाहरण द्यायचा. तिसरी पाळी म्हणजे रात्री बारा ते सकाळी सात. ती कुणालाच नको असते. मी ती का मागतो हे मानसिंगला ठाऊक नव्हतं आणि माझ्या बायकोला, सोजरला, तर मुळीच नव्हतं.

एकाहत्तर साली आमचं लग्न झालं. सोलापुरात चाळीतली एकच खोली, तीत मी, सोजर आणि माझी आई मथुराबाई. रात्रीची जेवणं झाली की आई गोधडी काखोटीला मारून शेजारच्या गुरम्माकडं झोपायला जायची. "हितं लई उकडतंय," म्हणायची. पौषातल्या थंडीतसुद्धा तिला उकडायचं. नातवंडासाठी त्या बाईनं आपली खोली सोडली होती आणि इकडं तिचा लेक मोजूनमापून गिरणीत पळत होता.

याचं कारण बजाआक्का. माझी थोरली बहीण. पहिल्या बाळंतपणाला ती वैरागहून याच खोलीत आली होती. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. दोन दिवस आणि एक रात्र मी जिन्यात बसून तिचं ओरडणं ऐकलं. मग ते थांबलं. ती गेली आणि मूलही गेलं. त्यानंतर आमच्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. सोजरला एवढंच माहीत होतं की नणंद होती आणि ती वारली.

लग्नानंतर सोजर जवळ आली की मला तो जिना आठवायचा. तिला सांगायची लाज वाटे. पुरुषासारखा पुरुष आणि बाळंतपणाला भितो, असं कुणी म्हणालं तर? त्यातच गिरणीच्या कल्याण केंद्रात कुटुंबनियोजनाचं व्याख्यान झालं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी भिंतीवर महिन्याच्या चौकटींचा तक्ता लावला आणि छडीनं दाखवलं. बाई बाहेरची झाली की तो पहिला दिवस धरायचा. दहाव्यापासून अठराव्यापर्यंतचे दिवस लाल रंगवलेले. मूल राहतं ते बहुतेक याच दिवसांत. ज्यांना नको असेल त्यांनी एवढे दिवस लांब राहावं. सगळे एकमेकांना कोपरानं ढोसून हसत होते. मी एकटाच पाठ करत होतो.

मोजायला अडचण काहीच नव्हती. सोजर बाहेरची झाली की दाराशी वेगळं ताट आणि घोंगडं घेऊन बसायची. पहिला दिवस अख्ख्या चाळीला कळायचा. मी तिथून बोटं मोजायला लागायचो, आणि नववा दिवस आला की माझ्या खात्यातल्या शिवपुत्रला गाठायचो. त्याची रातपाळी मला, माझी दिवसपाळी त्याला. त्याला आधीच चार पोरं होती. पाचवं बहुधा माझ्याच कृपेनं झालं असावं.

एक वर्ष असं काढू, मग बघू, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्या एका वर्षाची साडेतीन झाली.

त्या साडेतीन वर्षांत सोजरनं काय काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. अक्कलकोटला अकरा गुरुवार. एका वैदूनं दिलेला कडू काढा, जो प्यायला की तिला तासभर मळमळायचं. ती नाक दाबून प्यायची आणि मी शेजारी बसून तंबाखू मळायचो. गुरम्माच्या लेकीचं डोहाळजेवण होतं तेव्हा ओटी भरायला हिला कुणी बोलावलं नाही. ही मागच्या बाजूला भांडी घासत राहिली. मी रातपाळीची झोप काढून उठलो तेव्हा पाहिलं. तिनं माझ्याकडं बघून हसल्यासारखं केलं आणि राख हाताला लावून घेतली. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. माझ्या मोजणीत तो अकरावा दिवस होता. मी डबा घेऊन गिरणीत गेलो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण पाळी चुकवली नाही.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर आई एकदा वैरागला जाऊन आली आणि जेवताना म्हणाली, "मामानं पोरगी बघितलीया. संक्रांतीपतूर वाट बघायची. न्हायतर सोजरीला तिच्या म्हायेरी पोचवायची."

सोजर भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. मी म्हणालो, "बघू की." साडेतीन वर्षांचं पाप माझं आणि त्यावर माझ्या तोंडून निघालं काय, तर बघू की!

दुसऱ्या दिवशी सोजरच म्हणाली, "माज्यासंगं विड्या वळत्यात त्या बायका म्हणत्यात, डॉक्टरीणबाई हायेत, लई चांगल्या. एकदा दोघं जाऊ या. मग मी जाते म्हायेरी, कुणी पोचवायला नको."

डॉक्टरीणबाईंचं नाव दाक्षायणी. उंच, चष्मा लावणाऱ्या, बोलण्यात कानडी हेल. त्यांनी सोजरला आत नेऊन तपासलं. मग आम्हा दोघांना समोर बसवलं.

"हिच्यात मला काही दोष दिसत नाही. पण आठवड्यात तीन उपास करून अंगात रक्त राहिलेलं नाही. उपास बंद. भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे, दूध, जे मिळेल ते पोटभर खायचं. तो काढा ओतून टाका. आणि तुम्ही हो, ती तंबाखू सोडा, झोप नीट घ्या. पुरुषाच्या अंगातही बळ लागतं, सगळं बाईवर ढकलू नका."

मग त्यांनी कागदावर चौकटी काढल्या. तोच तक्ता.

"दहाव्यापासून अठराव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड जवळ यायचं. बाकी काही चमत्कार नाही यात. एवढं केलं तर वर्षभरात बऱ्याच जणींना दिवस जातात. या दिवसांत तुम्ही दोघं एकत्र असता ना?"

सोजरनं कागदाकडं बघून बोटं मोजली. पुन्हा मोजली. "न्हाय बाई," ती म्हणाली. "ह्याच दिवसांत ह्यांना रातपाळी येती. दरमहा. आमचं नशीबच तसलं."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मी टेबलाच्या कडेचा निघालेला पापुद्रा नखानं उचकटत बसलो.

बाहेर आल्यावर सोजर जवळजवळ पळतच होती. एवढी खुश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती. "ऐकलं का? माज्यात दोष न्हाय! त्या मेल्या रातपाळीनं घात केला. मी जॉबरच्या पाया पडते, पण ह्या दिवसांत तुमाला दिवसपाळीच मागून घेते."

"बायकांनी गिरणीत जायचं नसतं," मी ओरडलो. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. तिनं कागद कमरेला खोचला. मला वाटलं, मिटलं.

पाचसहा दिवसांनी पहिली पाळी सुटली आणि मी फाटकातून बाहेर पडलो, तर सोजर मानसिंगसमोर उभी. डोक्यावर पदर, हातात तो डॉक्टरीणबाईंचा कागद. गिरणीच्या फाटकाशी, शेदीडशे पुरुषांच्या गर्दीत, परक्या माणसाला आपले दिवस दाखवत उभी होती. मी हाक मारायला तोंड उघडलं तोवर उशीर झाला होता.

"भाऊ, डॉक्टरीणबाईंनी लिवून दिलंया," ती म्हणत होती. "एवढं आठ-नऊ दिवस माज्या मालकांना तिसरी पाळी देऊ नगा. लई उपकार होतील."

मानसिंगला काहीच कळेना. तो हसून म्हणाला, "अवो वैनी, मी कवा दिली? तोच येतो की हात जोडत. दरमहा शिवपुत्राशी बदली करून घेतो. म्या म्हनलं घरी भांडणबिंडण हाय का काय!"

सोजरनं कागदाकडं पाहिलं. मग मान वर केली आणि गर्दीत मी तिला दिसलो. तिनं कागदाची घडी घातली, मानसिंगला नमस्कार केला आणि चालायला लागली. घरापर्यंत मी तिच्या मागं दहा पावलं अंतर ठेवून चालत होतो.

घरी आई सुपात ज्वारी निवडत बसली होती. सोजर कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिला एका वाक्यात सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. ती सांगत नव्हती. ती वाट बघत होती, आणि या घरात तिनं माझ्याकडून एवढी एकच गोष्ट मागितली होती हे मला तेव्हा कळलं.

"आई, वैरागला कळव, पोरगी नको. सोजरचा काय बी दोष न्हाय. मीच टाळत होतो. मोजून टाळत होतो. पहिल्यापासनं."

"का रं?"

"बजाआक्कासारखं होईल म्हणून."

ते नाव आठ वर्षांनी त्या खोलीत निघालं. आईच्या हातातलं सूप कलंडलं. मला वाटलं ती मला मारेल. ती सांडलेली ज्वारी एकेक दाणा वेचत म्हणाली, "तिला दवाखान्यात न्ह्या, म्हणून सुईण घसा फोडून सांगत हुती. म्या न्हेलं न्हाय. घरातच हुईल म्हनलं. ते पाप माजं. आन त्याची शिक्षा तू हिला दिलीस? मलाबी द्यायला लावलीस?"

ती उठली, कोनाड्यातली काढ्याची बाटली घेऊन मोरीत ओतली आणि सोजरच्या पायाशी वाकायला लागली. सोजरनं तिला मधेच धरलं. दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी दारात उभा होतो. मला त्यात जागा नव्हती आणि ते बरोबरच होतं.

पुढं दोन-अडीच महिने सोजर माझ्याशी बोलली नाही. डबा भरून द्यायची, पाणी तापवून द्यायची, पण शब्द नाही. उपास तिनं सोडले. विड्या वळताना मांडीवर शेंगदाणे ठेवून खायची. आईनं तिचं बाहेर बसणंही बंद केलं. "एवड्याशा खोलीत कसलं बाहेर अन् कसलं आत," म्हणाली. त्यामुळं तिचा कितवा दिवस हे आता मला कळत नव्हतं. आई आता घरातच झोपायची आणि सोजर तिच्याशेजारी. शिवपुत्रनं पाळी बदलायचं विचारलं तर मी नाही म्हणायचो. तंबाखू सोडली होती. कुणाला दाखवण्यासाठी नाही, दाखवायला कुणी बघतच नव्हतं. साडेतीन वर्षं ती माझ्यासमोर रोज अपराधी चेहऱ्यानं वावरली होती. मला अडीच महिन्यांतच जीव नकोसा झाला.

संक्रांत होऊन गेली होती. एके दिवशी दुपारच्या पाळीला निघायच्या आधी मी वहाणा घालत होतो. आई बाजारात गेली होती. सोजर चुलीपाशी बसली होती. ती तिकडंच तोंड ठेवून म्हणाली, "आज अकरावा दिवस हाय."

मी एक वहाण पायात आणि एक हातात घेऊन तसाच बसलो.

"मला तुमचा लई राग हाय," ती म्हणाली. "तो जाईल का न्हाय, ठाव न्हाय. पर मला लेकरू पायजे. आन खरं सांगू का, वन्संचं ऐकल्यापासनं मलाबी भ्या वाटाय लागलंया. तुमी पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर दोघांनी मिळून भ्यालो असतो. एकट्यानं भिऊन मला एकटी पाडली तुमी."

चुकलो म्हणालो तर ते फार लहान वाटलं असतं.

"पाळीला खाडा करा आज," ती म्हणाली. चुलीपासून उठून ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली. "आन बजावन्संचं सगळं सांगा मला. त्या जिन्यात बसून काय काय ऐकलं ते. कायबी गाळायचं न्हाय."

मी हातातली वहाण खाली ठेवली, आणि पहिल्या कळेपासून सांगायला लागलो.