मशीन जड चालते म्हणे

मी एक जुनी शिलाई मशीन आहे.

मित्रांनो, अशी गोष्ट कारखान्यापासून सुरू करायची असते, हे मला ठाऊक आहे. आधी भट्टी, मग साचा, मग काळा रंग आणि त्यावर सोनेरी वेल. पण कपडा बगलेत उसवला असेल तर आपण कॉलरपासून शिवायला घेत नाही. जिथे उसवला तिथेच सुई टोचतो. मीही तशीच सांगणार आहे.

तर, त्या दुपारी मला घरातून काढणार होते. गुन्हा एकच. मी जड चालते.

माझ्या मालकिणीने तसे जाहीर केले होते. तिचे घरचे, म्हणजे तिचा नवरा, तिला विजेच्या मोटरवर चालणारी नवी मशीन आणून देणार होते. तिने मान हलवली. "नको. ही गेली की मीपण सोडते. आता शिवण होत नाही माझ्याच्यानं." ज्या बाईच्या हातचा शर्ट उलटा करून बघितला तरी सुलटाच वाटे, ती शिवण सोडायला निघाली होती. माझे काय, मी लोखंड आहे. कुठेही जाऊन बसेन. तिचे काय होणार, हा प्रश्न होता.

धागा तुटला. थांबा, ओवून घेते.

हां. माझा खटका वर उचलला की मी उलटी शिवते. चार टाके मागे गेले की शिवण पक्की बसते. म्हणून आता मागे.

मी आधी एका म्हाताऱ्या शिंप्याकडे होते. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याच्याकडे एक मुलगी काजे करायला बसायची. त्याची नजर अधू झाली तेव्हा त्याने मला त्या मुलीच्या हवाली केले. लोक तिला थट्टेने मास्तरीण म्हणू लागले. थट्टा संपली, नाव राहिले. लग्न झाले तशी मीही तिच्याबरोबर या घरी आले आणि रस्त्याकडच्या खोलीत खिडकीखाली बसले. शेजारी कापायचे टेबल, भिंतीवर खुंट्या, खुंट्यांवर अर्धवट कपडे. माझ्या खणात बॉबिनी, मेणाचा तुकडा आणि निळे-पांढरे चपटे खडू.

आमचे दिवस होते, मित्रांनो! बँडवाल्यांचे लाल कोट आम्ही शिवले. त्यांचा म्होरक्या भर रस्त्यात कोट काढून उलटा करायचा आणि लोकांना सांगायचा, "बाहेरून काय बघता? आतून बघा!" तेव्हा मास्तरीण खिडकीत बसून लाजायची आणि पाय मात्र जोरात चालवायची.

पाय. हीच माझी विद्या. तिचा चेहरा मला कधी नीट दिसला नाही, ती खाली मान घालून बसते. पण पाय मला कळतात. रागावली की टाच आधी पडते. गाणे मनात असले की दोन्ही पाय एकदम. त्यामुळे पहिल्यांदा कळले ते मलाच.

खटखटखटखटखट.

खटखट. खट.

खट.

...

खट.

पडद्याची शिवण म्हणजे लांबलचक सरळ रस्ता. पूर्वी आम्ही तो एका दमात पार करायचो. आता ती अध्येमध्ये थांबू लागली. थांबल्या जागी टाका आखडतो, रेघ किंचित वाकते. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, शिंप्याला दिसते. ती पडदा उजेडात धरायची, त्या वाकड्या जागांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "मशीन जड झालीय."

तिचे घरचे छापखान्यात काम करतात. मोठी मोठी यंत्रे सांभाळतात. यंत्र कुरकुरले की तेल घालायचे, पट्टा सैल झाला की आवळायचा, हा त्यांचा धर्म. बायकोवर जीव फार, पण जीव लावायची रीत तीच. दर सुटीच्या दिवशी तेलाची बुधली घेऊन ते माझ्यापुढे मांडी ठोकून बसत. त्यांनी माझा पट्टा बदलला. पायडलखालचे खिळे घासले. मला इतके तेल पाजले की एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडला.

"आता कशी चालतेय?"

"बरी आहे हो. हलकी वाटतेय."

हलकी वगैरे काही वाटत नव्हती. नवऱ्याचे कष्ट वाया गेले असे वाटू नये म्हणून ती म्हणायची. मग दोन दिवसांनी पुन्हा तेच. थकली होती ती आणि तेल मात्र माझ्या पोटात जात होते.

शेजारणींनी आपापली औषधे सुचवली. एकीने सांगितले, वय झाले. दुसरी म्हणाली, दुपारी पडत जा. ती पडायची, उठायची ती आणखी मोडून. तिसरीने सांगितले, चहा घेत जा, तरतरी येते. तेव्हापासून जेवणाच्या ताटाशेजारी चहा आणि माझ्या फळीवरही चहा. जिना चढून आली की ती माझ्यावर दोन्ही हात टेकून उभी राहायची, आणि तिच्या छातीची धडधड माझ्या फळीत उतरायची. बसून कामाची सवय, म्हणून धाप लागते, असे ती स्वतःलाच समजावायची.

आणि खडू संपू लागले.

एकेक खडू पूर्वी किती टिकायचा! आता नवा आणला की गायब. घरच्यांनी उंदरावर संशय घेतला. माझ्या पायांशी सापळा लावला. सापळ्यात उंदीर आला नाही. एकदा मास्तरिणीच्याच पायाचा अंगठा आला. मला खरे ठाऊक होते. पण मशीनला तोंड कुठे असते? जी आहे ती सुई, आणि ती एकच गोष्ट सांगू शकते: टाका.

बस्स, मागे जाणे पुरे. खटका खाली. पुढे.

ती दुपार. मला न्यायला मास्तरिणीची धाकटी नणंद आली होती. घरात तिला भिंगरी म्हणतात. तिचे तोंड आणि पाय दोन्ही थांबत नाहीत. तिला उशांचे अभ्रे शिवायला एक मशीन हवी होती, जड का असेना.

"वहिनी, नेण्याआधी एकदा चालवून बघू का?"

"बघ बाई. घाम निघेल."

भिंगरी बसली. पाय ठेवला. मित्रांनो, मी आयुष्यात शाबासकीसाठी कधी धावले नाही, पण त्या दिवशी धावले. पट्टा नवा, खिळे घासलेले, पोटात सहा सुट्यांचे तेल! खोलीभर माझा आवाज भरून राहिला.

भिंगरी थांबली. "अगं, ही कुठे जड आहे? लोण्यासारखी चालतेय!"

"काहीतरीच. ऊठ बघू."

मास्तरीण बसली. पाच-सहा टाके नीट पडले. मग पाय मंदावले. मग थांबले. ती पोटऱ्या चोळू लागली.

"दादा," भिंगरीने आतल्या खोलीत हाक मारली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हळू होता, "दादा, मशीनला काही झालेलं नाही रे."

घरचे दारात येऊन उभे राहिले. हातात बुधली होतीच. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

भिंगरीने हाताला चाळा म्हणून माझा खण ओढला. बॉबिनी बाहेर काढल्या, मेण काढले. मग एक खडू काढून उजेडात धरला. कडेला अर्धगोल चावा होता.

"अय्या! हा बघ तुमचा उंदीर!" ती हसली. मग तिने चावा निरखला. "वहिनी, उंदराचे दात एवढे रुंद असतात?"

मास्तरिणीने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मला सारखा खावासा वाटतो गं. लाज वाटते सांगायला. भिंतीच्या चुन्याचासुद्धा वास आवडतो मला. वेड लागलंय का मला?"

"वेड लागलं असतं तर एवढी लाज वाटली नसती. चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

दवाखान्यात मी नव्हते. मला चाक आहे, पण ते जागच्या जागी फिरते. जे झाले ते, तपासण्यांचे सगळे रिपोर्ट हाती आल्यावर, एका संध्याकाळी भिंगरीने याच खोलीत करून दाखवले. गळ्यात मापाची टेप अडकवून ती डॉक्टरीणबाई झाली.

"डोळा खाली ओढा. हं. पांढराफटक. नखं दाखवा. जिन्यात धाप लागते? लागते. केस गळतात? गळतात. माती, खडू, बर्फ, असलं काही खावंसं वाटतं का? दादा, वहिनी माझ्याकडे बघतेय, मी वहिनीकडे! मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही आमच्या मशीनच्या खणात कधी डोकावला होतात?"

मास्तरीणसुद्धा हसली. मग भिंगरीने टेप काढून ठेवली आणि साधेपणाने सांगितले. रक्तातले लोह पार आटले आहे. हिमोग्लोबिन असायला हवे त्याच्या जेमतेम निम्मे. रक्तच अंगभर श्वास पोचवते. तेच पातळ, मग पाय चालणार कशावर? अशा माणसाला खडू-माती खावीशी वाटते, ते वेड नव्हे, आजाराची खूण आहे. थायरॉइड, साखर आणि बी-ट्वेल्व्हही तपासले. ते ठीक निघाले. झोप कशी लागते, घोरता का, मन उदास असते का, हेही डॉक्टरीणबाईंनी विचारले. थकवा कुठल्याही दारातून घरात शिरतो, दार कुठले ते आधी बघायला हवे, असे त्यांचे म्हणणे.

"आणि दार सापडलं," भिंगरी म्हणाली. "पाळी. किती वर्षं अंगावरून एवढं जातंय, आणि ही डॉक्टरांना सांगते, सगळ्यांचं असतं तसंच आहे माझं! डॉक्टर म्हणाल्या, त्या दिवसांत कापायच्या टेबलाशी उभं राहवत नाही, हे सगळ्यांचं असतं तसं नाही."

सोनोग्राफीत गर्भाशयात एक लहानशी गाठ दिसली होती. घाबरण्यासारखी नव्हती. सध्या गोळ्यांनी रक्त जाणे कमी होईल, लोहाच्या गोळ्यांनी अंगातले लोह भरून येईल, पुढचे पुढे बघू, असे ठरले होते.

घरचे खाली बघत होते. "मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"विचारायचो की. दर सुटीला विचारायचो, कशी चालतेय म्हणून."

"ते मशीनला विचारायचात."

एवढेच. त्यानंतर त्यांनी बुधली नेऊन छापखान्यातल्या डब्यात ठेवली असावी, कारण ती मला पुन्हा फारशी दिसली नाही.

धागा तुटला नाही. मीच थांबले होते. कधी कधी मशीनलाही थांबावेसे वाटते.

भिंगरी मला न नेताच गेली. जाताना म्हणाली, "वहिनी, मीपण दुपारी पेंगते. त्या लोहाच्या गोळ्यांतली एक दे की मला."

"तू पेंगतेस कारण तू मोबाइल छातीवर घेऊन झोपतेस. तुझं दार वेगळं. आधी रक्त तपास, मग गोळी माग."

बरे होणे काही चुटकीसरशी झाले नाही, हे मला सांगितले पाहिजे. लोहाच्या गोळ्यांनी सुरुवातीला पोट बिघडले आणि मास्तरिणीने त्या गुपचूप बंद केल्या. घरच्यांनी पाकिटातल्या गोळ्या जशाच्या तशा पाहिल्या. ते ओरडले नाहीत. तिला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलून दिली, एक दिवसाआड घ्यायला सांगितली. चहा जेवणापासून लांब ठेवायला सांगितला, कारण चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे तरतरीसाठी पीत होती तेच तिला खात होते! ताटात पालेभाजी, डाळी आल्या, वर लिंबू पिळले जाऊ लागले. घरच्यांनी भांडी घासायला घेतली. पहिल्या दिवशी एक बशी फुटली. दुसऱ्या दिवशी नाही.

किती आठवडे मी फक्त थकलेलेच पाय ओळखत राहिले. मग एकदा पडदे आले. मास्तरिणीने कापड सुईखाली सरकवले, श्वास घेतला, आणि आम्ही निघालो. मी मनात म्हणत होते, आता थांबेल, आता थांबेल. कापड संपले तेव्हाच पाय थांबले. तिने पडदा उजेडात धरला. बोट शेवटपर्यंत सरळ गेले.

"अहो," तिने हाक मारली, "त्या बँडवाल्यांना निरोप द्या. कोट शिवते म्हणावं. पण घाई करायची नाही, आणि सगळे एकदम नाहीत."

ती शिवण सोडणार नव्हती. गोळ्याही सोडल्या नाहीत; रक्ताचा आकडा वर आल्यावरही डॉक्टरीणबाईंनी काही महिने चालू ठेवायला सांगितल्या, कारण साठाही भरावा लागतो. मीही या खिडकीखाली राहिले.

माझ्या जातीच्या जुन्या वस्तूंच्या गोष्टी बहुतेक रडत संपतात. आम्हाला कुणी विचारत नाही, आमच्यावर धूळ बसली, वगैरे. मी तसे संपणार नाही. आज मी बंद आहे आणि मजेत आहे. कारण मघाशी, भर दुपारी, मास्तरिणीने शिवता शिवता सुई वर उचलली, मला झाकले आणि चपला शोधू लागली.

"कुठे निघालीस?" घरच्यांनी विचारले.

"बाहेर."

"काही आणायचंय का?"

"नाही. उगाच."

मित्रांनो, हा शब्द मी कित्येक वर्षांत तिच्या तोंडून ऐकला नव्हता. थकलेला माणूस काम कसेबसे ओढतो, पण उगाच काही करायला त्याच्याकडे ताकद उरत नाही. उगाच हसणे, उगाच खिडकीत उभे राहणे, उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन येणे, हे सगळे आधी जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या घरात असे कुणी असेल, ज्याने उगाच काही करणे सोडून दिले आहे, तर त्याला वय झाले म्हणू नका, आळशी म्हणू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. काय होते ते विचारा. तो "काही नाही" म्हणेल. तरी उठू नका.