मुद्देमालातली निळी थैली

मित्रांनो, मी एक जुनी कापडी थैली आहे. नंदाबाईने मला शिवलं. तिच्या नवऱ्याची, श्यामलालची, निळी पँट गुडघ्यावर फाटली होती. ती उसवून तिने मला आकार दिला आणि वर लाल पट्टा लावला. आमचं घर गोंदिया जिल्ह्यात, दरेकशाजवळच्या जंगलातल्या एका गावात.

धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीच्या दिवसांत, मी बांधावर शिदोरी घेऊन जायची. उन्हाळ्यात माझ्यात मोहफुलं असायची. पुढे नंदाबाईची मुलगी रेणू मला शाळेत नेऊ लागली. "मजबूत आहे ना बाई थैली!" असं शेजारणी म्हणायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

रेणू दहावीत गणितात राहिली आणि घरी बसली. सोळा वर्षांची होती. त्याच हिवाळ्यात नंदाबाईच्या माहेरची, लांबच्या नात्यातली रीता घरी आली. नवी साडी, हातभर बांगड्या, आणि गोड बोलणं.

"मोठ्या शहरात कपड्याचं दुकान आहे. राहणं, खाणं फुकट," ती म्हणाली. "पण गावात सांगू नोको. लोकं जळतात."

श्यामलाल इटियाडोह धरणाकडे कामाला गेला होता. नंदाबाईने दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. रेणूचे दोन ड्रेस, कंगवा आणि आधार कार्ड माझ्यात भरलं. रेणू इतकी खूश होती की स्टेशनपर्यंत ती मला हलवत हलवत चालली.

गाडीत बसल्यावर रीताने माझ्यात हात घातला आणि आधार कार्ड काढून आपल्या पर्समध्ये टाकलं. त्याऐवजी दुसरंच कार्ड माझ्यात ठेवलं. फोटो रेणूचा होता, पण वय एकोणीस. "हे कायले, मावशी?" रेणूने विचारलं. "दुकानवाले लहान पोरी घेत नाहीत," रीता म्हणाली. तेव्हाच माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

गोंदियाला उतरलो. लांबच्या गाडीला अर्धा तास होता. रेणू नळावर पाणी प्यायला गेली. मी रीताच्या मांडीवर होते. तिने फोन लावला.

"हाँ, ले आई हूँ. लड़की को कुछ पता नहीं. पिछले साल वाली जैसी रोएगी, फिर चुप हो जाएगी. सौदा वही रहेगा ना?"

मित्रांनो, मी सगळं ऐकलं. पिछले साल वाली म्हणजे कोण, तेही मला कळलं. शेजारच्या गावची प्रेरणा. ती वर्षापूर्वी अशीच कामाला म्हणून निघाली आणि परत आलीच नाही. रेणू ओल्या हातांनी हसत आली आणि तिने मला खांद्याला अडकवलं. मला ओरडावंसं वाटत होतं. पण थैलीला तोंड असतं, आवाज नसतो.

इकडे गावात अंगणवाडीच्या सुशिलाबाई नंदाबाईच्या दाराशी आल्या होत्या. हे मला नंतर, घरच्या बोलण्यातून कळलं.

"रेणू दिसत नाही. कोठी गेली?"

"कामाले गेली. रीतासंग."

"कोणत्या शहरात? दुकानाचं नाव काय? फोन नंबर?"

"ते मले माहीत नाही." सुशिलाबाई गावच्या बालसंरक्षण समितीत होत्या. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मुलांच्या मदतीच्या १०९८ नंबरला फोन केला, मग पोलीस पाटील टेकचंदना बोलावलं. पोरीच्या अंगावर काय होतं, हातात काय होतं, हे विचारलं. "निळी थैली, लाल पट्ट्याची," नंदाबाई रडत म्हणाली. "मीच शिवली." हे वर्णन आणि सुशिलाबाईंचा नंबर लगेच गोंदियाच्या रेल्वे पोलिसांकडे गेला.

गाडी फलाटाला लागली. रीताने रेणूचा दंड धरला. तेवढ्यात रुचिका नावाच्या रेल्वे पोलीस ताई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांची नजर माझ्यावर होती. रीता रेणूच्या कानाशी पुटपुटली, "मावशी आहे म्हण. नाही तर तुझ्या बापाले आत टाकतीन."

"ही कोण तुझी?"

"मावशी," रेणू म्हणाली. माझा पट्टा तिने इतका घट्ट धरला होता की शिवण करकरली.

"वय किती?"

"एकोणीस."

गाडीने शिटी दिली. मला वाटलं, संपलं सगळं. पण रुचिकाताई हलल्या नाहीत. त्यांनी सुशिलाबाईंना फोन लावला आणि तो रेणूच्या कानाला धरला. पलीकडून नंदाबाईचा आवाज आला, "रेणू, वापस ये माय. कोणी काही नाही करत तुझ्या बापाले."

रेणूने रीताच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला. रीताला तिथेच ताब्यात घेतलं, आणि आमच्याशिवाय गाडी निघून गेली.

रेणूला बाल कल्याण समितीपुढे नेलं आणि तिथून ती घरी गेली. मी मात्र गेले नाही. मी पुरावा होते. माझ्यावर लाखेचं सील लागलं, चिठ्ठी चिकटली आणि मुद्देमालाच्या खोलीत मला ठेवलं. तिथे अंधार होता, गंजलेल्या कुऱ्हाडी होत्या. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. दोन पावसाळे गेले.

मग एक दिवस मला कोर्टात नेलं. व्हरांड्यात रेणू आईला चिकटून उभी होती. रीताची माणसं घरी येऊन बजावून गेली होती, "बयान बदल, नाही तर पाहून घेऊ." समितीच्या बाया आणि टेकचंद पाटील तिच्यासोबत आले होते. बाकावर प्रेरणाची आई बसली होती. ती प्रत्येक तारखेला यायची. माझ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, "माझी पोरगी काय घेऊन गेली होती, मले आठवतच नाही."

रेणूने तिच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

रेणूला आरोपी दिसू नये म्हणून मध्ये पडदा लावला होता. पण पडद्यामागे बांगड्या वाजल्या आणि रेणू दचकली. सरकारी वकिलांनी मला उचललं. "ही कोणाची?"

"माझी. आईनं शिवली."

रीताच्या वकिलांनी विचारलं, "तू खुशीनं गेली होतीस ना?"

रेणूने माझ्या लाल पट्ट्याकडे पाहिलं.

"हो, खुशीनंच गेली होती साहेब. पण कोठी नेऊन राहिले, हे मले कोणी सांगतलंच नाही. मग ते खुशी कशी?"

रीताला शिक्षा झाली. फोनवर बोलणारा अजून सापडला नाही. प्रेरणाचा शोध चालू आहे. मी घरी आले. रेणू आता बारावीची परीक्षा देणार आहे, पण गोंदियाला ती एसटीनेच जाते. गाडीची शिटी ऐकली की तिचा हात अजून थांबतो, आणि मीही आतून आक्रसते.

मित्रांनो, मला धुऊन, ठिगळ लावून नीट ठेवलंय. माझी काळजी नको. काळजी घ्या ती घरातून निघणाऱ्या पोरीची. कोणासोबत, कुठे, पत्ता काय, हे विचारा. कोणी सांगू नका म्हणालं, तर आधी सांगा. सुशिलाबाईंना गावात भोचक म्हणायचे. प्रेरणा ज्या सकाळी निघाली, त्या सकाळी तिच्या दाराशी असं भोचक कोणी आलं नव्हतं.