वाटेतच होतं

"काकू, हा माझा नव्हे. ह्यातून सुईचं नाक सोडा, मला शिलाई मशीनसुद्धा दिसेना." शिंपीदादांनी चष्मा नाकावरून उतरवला आणि अदबीने परत पत्र्याच्या डबीत ठेवला. "शिवाय बसतोही तिरका. एक डोळा आभाळात, एक पाताळात."

डबी पुढच्या खुर्चीकडे सरकली.

इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी सगळे शेजारी जमले होते. निमित्त होतं बोटकाकांच्या आठवणींचं. पण काकूंना आठवणींपेक्षा त्या चष्म्याचा घोर लागला होता.

बोटकाकांची हयात बोटीच्या इंजिनाशेजारी गेली. पृथ्वी गोल आहे हे आपण पुस्तकात वाचतो. काकांनी ती फिरून, तपासून पास केली होती. एका बंदरात म्हणे वारा असा होता, की दोरीवर वाळत घातलेला सदरा पुढच्या बंदरात जाऊन गोळा करावा लागे. आणि तिथे तो इस्त्री करूनच मिळे. ही इस्त्री गोष्टीत पहिल्यापासून नव्हती. दर वर्षी गोष्टीला एकेक घडी पडत गेली. ऐकणाऱ्यांनीही कधी तक्रार केली नाही, कारण सांगता सांगता काका त्यांचा मिक्सर दुरुस्त करत असत.

बोट सुटली तरी फिरणं सुटलं नाही. खांद्याला पिशवी, पिशवीत पक्कड आणि पेचकस. कोणाचं औषध आणून दे, कोणाच्या दाराची बिजागरी बसव, कोणाला दवाखान्यात सोबत कर. आभार मानायला तोंड उघडलं, की काकांचं ठरलेलं, "छे हो, वाटेतच होतं." आता दवाखाना गावाच्या एका टोकाला, स्टेशन दुसऱ्या टोकाला, आणि काका घरातून निघालेले कोपऱ्यावरून दूध आणायला! असली वाट कुठल्या नकाशात असते, हे घरी दुधाची वाट बघत बसलेल्या काकूंनाच ठाऊक.

पंधरवड्यापूर्वी असेच परत आले. फाटकापाशी रखवालदाराला म्हणाले, "जरा टेकतो," आणि बाकावर बसले, ते उठलेच नाहीत. मांडीवरच्या पिशवीत ही डबी निघाली.

"या माणसानं कधी कोणाची वस्तू स्वतःकडे रात्रभर ठेवली नाही," काकू लेकीला म्हणत होत्या. "हा चष्मा कोणाचा तरी असणार. ते बिचारं कुठेतरी चाचपडत बसलं असेल, आणि वर म्हणत असेल, बोटकाकांनी गुंगारा दिला! तसं नको गं. त्यांचं काही शिल्लक राहायला नको."

म्हणून डबी हॉलभर फिरत होती. ज्याच्या हाती जाई तो चष्मा लावी, डोळे बारीक करी, आणि चष्म्याऐवजी भलतंच काही बोलून जाई.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, "माझा नाही. पण माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात रोज संध्याकाळी येऊन बसायचे. तिला बंदरांच्या गोष्टी सांगायचे. जाताना आई मला विचारत होती, 'सदरा मिळाला का गं त्याचा?'" बाई हसल्या, आणि मग त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पंपवाला उठला. इमारतीला पाणी चढवणारा पंप सांभाळणं हे त्याचं काम. "मलाही हे काम काकांनीच शिकवलं. म्हणायचे, 'पंप रडायला लागला की आधी त्याचं ऐक, मग हाणायला घे.'" त्याने चष्मा उजेडात धरला. "काकू, ही उजवी काडी वाकलीय. शेवटी शेवटी हात कापत असेल काकांचा. पक्कड आहे माझ्याकडे, एका मिनटात सरळ करतो."

"हात लावू नकोस!" काकू इतक्या जोरात ओरडल्या की मागचा पेंगणारा रखवालदार उभा राहिला. "त्यांनी केलंय तसं राहू दे. वाकडं की सरळ, ते ज्याचं त्याला कळेल."

डबी सगळीकडून फिरून रिकाम्या हातानं आली म्हणावी तशी काकूंच्या मांडीवर परतली. दावेदार कोणीच नाही. काकूंचा चेहरा पडला.

"आई," लेक हळूच म्हणाली, "तू लावून बघितलास?"

"मी कशाला? दुसऱ्याची वस्तू! आणि माझा आहे की." त्यांनी नाकावरच्या चष्म्याला हात लावला. त्याची एक काडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. या दोऱ्यावरून त्या काकांना किती बोलल्या होत्या! "जगाचं सगळं तुमच्या वाटेत. मीच तेवढी आडवाटेला!" त्यावर काका म्हणायचे, "तू कसली वाटेत? तू मुक्कामाला." बोटीवरच्या माणसाला गोड बोलायला काय लागतं, म्हणून काकू ते कानाआड टाकायच्या.

"लाव तर खरं."

काकूंनी दोऱ्याचा चष्मा काढला आणि डबीतला लावला.

ज्या चष्म्याने सगळ्यांना चकणं केलं होतं, तो काकूंच्या नाकावर पाणसळीने बसवल्यासारखा सरळ बसला होता. काकूंचा उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर खाली. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत. "खालचा कान माझं ऐकायला," असं काका म्हणायचे. म्हणून तर काकूंचा प्रत्येक चष्मा जन्मभर तिरका बसत आला होता.

त्यांनी मांडीवरचा आपला हात पाहिला. बोटावरची रेघन् रेघ दिसली.

"काकू, सापडला का मालक?" लांबून शिंपीदादांनी विचारलं.

"सापडला," काकू म्हणाल्या. शेवटी त्यांनी दोन शब्द बोलायचे ठरले होते, पण तेवढ्या एका शब्दावरच त्या थांबल्या. मग सगळ्यांकडे बघून त्यांनी हात जोडले.

निघताना जिन्यापाशी त्यांचा पाय अडखळला. वाचायचा चष्मा, त्यातून पायरी वर यायची, खाली जायची, भिंत हळूच कलायची. "एकदा तुला बोटीवर नेतो," काका म्हणायचे, "पण पाय ठरायचे नाहीत तुझे." ते नेणं राहूनच गेलं होतं.

"आई, काढ तो. पडशील!"

"असू दे गं," काकू म्हणाल्या. एका हाताने कठडा धरून, दुसरा थोडासा पसरून, डोलत डोलत त्या एकेक पायरी चढू लागल्या.